ऑक्टोबर-नोव्हेंबरात युरोपला हनिमून: दसरा आणि दिवाळीच्या मधले दिवस कसे वाटतात?

रानजाई | ४ जुलै २०२६
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसती वाचत होते, धागा पहिल्यांदाच काढतेय. सांभाळून घ्या.

मेच्या सुरुवातीला, अधिक महिना लागायच्या आत आमचं लग्न उरकलं. तेव्हा सुट्टी नव्हती म्हणून तारकर्लीला जाऊन आलो आणि 'खरा' हनिमून पुढे ढकलला. आता दोघांनाही एकदम सुट्टी मिळतेय ती थेट ऑक्टोबरात. दसरा २० ऑक्टोबरला, लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला. पहिलीच दिवाळी असल्याने दिवाळसणाला सांगलीला माहेरी असायलाच हवं, त्यात तडजोड नाही. म्हणजे दसऱ्याला नाशिकला सासरी सोनं वाटायचं, दुसऱ्या दिवशी मुंबईहून विमान धरायचं आणि धनत्रयोदशीच्या आत परत यायचं. चौदा-पंधरा दिवस हातात.

नवऱ्याला बर्फ हवाय. मला जुन्या गावांतून पायी भटकायचंय आणि पिवळी-लाल झाडं बघायचीत. एका ट्रॅव्हल कंपनीने फ्रान्स, बेल्जियम, नेदरलँड्स, जर्मनी, स्वित्झर्लंड, इटली असा कार्यक्रम पुढ्यात ठेवलाय. सासूबाई म्हणतात, एवढ्या थंडीत कशाला तडफडताय, मेमध्ये जा. या दिवसांत खरंच जाऊ नये असं आहे का? जावं तर कुठे? व्हिसा वेळेत होईल ना? आणि कपडे किती न्यायचे?

चहाटळ | ४ जुलै
ज्या जावयाच्या पहिल्याच वर्षात अधिक महिना आणि दिवाळसण दोन्ही येतात त्याने युरोपला जायचंच कशाला? सांगलीत मुक्काम ठोकावा. तेहतीस अनारसे अजून संपले नसतील. (दिवे घ्या)

पंतसचिव | ४ जुलै
पॅकेज घ्या आणि निश्चिंत व्हा. आम्ही दोघे मेमध्ये अशाच सहलीला गेलो होतो. सकाळी नाश्ता, दुपारी भारतीय जेवण, बॅगा उचलायलाही माणूस. भाषेची कटकट नाही. सहा देश बघून होतात. पुन्हा पुन्हा कोण जातंय युरोपला?

आजोळ | ४ जुलै
पंत, हनिमून आहे हो. बसमध्ये चाळीस काका-काकू अंताक्षरी खेळणार आणि 'नवीन जोडप्याने उखाणा घ्या' म्हणून माईक पुढे करणार. आमच्या बसमध्ये होतं एक जोडपं. तिसऱ्या दिवसापासून ते झोपेचं सोंग घ्यायचे.

चहाटळ | ४ जुलै
उखाणा तयार आहे. 'आयफेल टॉवरवर लाइट लागले लुकलुक, गाइड म्हणतो पंधरा मिनिटांत बसमध्ये चढ गुपचूप.'

कडेपठार | ४ जुलै
पंतसचिव, तुमचा अनुभव मेमधला, इथे खरा फरक तोच आहे. मेमध्ये तिकडे रात्री नवाच्या पुढेही उजेड असतो. बस संध्याकाळी सातला गावात पोचली तरी गाव दिसतं. ऑक्टोबरअखेर तसं नाही. शिवाय २५ ऑक्टोबरला, महिन्याच्या शेवटच्या रविवारी, तिकडची घड्याळं एक तास मागे जातात. पॅरिसला २४ तारखेला सूर्य पावणेसातच्या सुमाराला मावळेल, २५ला पावणेसहाला. रोममध्ये सव्वापाचला. भारतातलं आणि तिथलं अंतर साडेतीन तासांचं साडेचार होतं ते वेगळंच, घरी फोन करायची वेळ सांभाळा.

म्हणजे ज्या दिवशी गाव बदललं त्या दिवसाचा उजेड प्रवासातच गेला. सहा देश केलेत तर निम्मा युरोप काळोखात दिसेल. माझं स्पष्ट मत: दोन देश, फार तर चार मुक्काम.

थंडीचा बाऊ करू नका. या पंधरा दिवसांत पॅरिसला दिवसा १३-१५ अंश, व्हिएन्ना-प्रागला १०-१३, रोमला विसाच्या आसपास, दक्षिण स्पेनमध्ये त्याहून थोडं जास्त. ही थंडी दिवसभर चालत फिरायची आहे. त्रास देतो तो पाऊस आणि वारा. रोम-फ्लॉरेन्सकडे वर्षातला जास्त पाऊस ऑक्टोबर-नोव्हेंबरात पडतो, हे मात्र सासूबाईंना सांगू नका.

मीठभाकर | ४ जुलै
आधी आपला देश तरी बघा. ऑक्टोबरात मेघालय काय सुंदर असतं.

आजोळ | ४ जुलै
मीठभाकर, हे वाक्य तुम्ही व्हिएतनामच्या धाग्यावरही लिहिलं होतंत. मेघालयचा धागा काढा, आम्ही येतो तिथे.

झुरिककर | ५ जुलै
इथे राहतो म्हणून स्वित्झर्लंडपुरतं लिहितो. या दिवसांतल्या दोन गोष्टी कुठल्याच माहितीपत्रकात नसतात.

पहिली धुकं. झुरिक, बर्न, लुसर्न या सखल पट्ट्यात थंड हवा साचून राहते आणि तिच्यावर ढगांचा थर बसतो. कधी कधी आठवडा-आठवडा हलत नाही. खाली नुसता राखाडी उजेड, आणि हजार-बाराशे मीटरच्या वर टळटळीत ऊन. लुसर्नजवळच्या रिगी डोंगराच्या (१७९८ मीटर) दातेरी रुळांच्या गाडीत बसलात की खिडकीच्या काचेवरून थेंब ओघळत असतात, बाहेर दहा पावलांवरचं झाड दिसत नाही, सगळे गप्प. मग काच आधी पांढरी होते, नंतर पिवळी, आणि अख्खा डबा एकदम डोळ्यांवर हात धरतो. वर बाकांवर लोक जाकिटं काढून बसलेले असतात. खाली ढग सपाट पसरलेले, त्यातून फक्त डोंगरांची टोकं वर आलेली. म्हणून लुसर्नला राखाडी सकाळ उजाडली तर हॉटेलात बसून राहू नका. वरचे वेबकॅम बघा आणि पहिली गाडी पकडा.

दुसरी गोष्ट 'रेव्हिजन'. उन्हाळी हंगाम संपलेला आणि स्कीइंगचा सुरू व्हायचाय, या मधल्या काळात अनेक केबलकार आणि डोंगरी रेल्वे देखभालीसाठी बंद ठेवतात. प्रत्येकाच्या तारखा वेगळ्या, त्या ज्याच्या त्याच्या संकेतस्थळावर असतात. त्या न बघता हॉटेल घेतलंत तर डोंगराच्या पायथ्याशी चहा पिऊन परत यावं लागेल. युंगफ्राउयोख (३४५४ मीटर) आणि झेरमाटचं गोर्नरग्राट बाराही महिने चालतं. म्हणजे नवरोबांच्या बर्फाची सोय आहे.

शिक्कामोर्तब | ५ जुलै
व्हिसाबद्दल. मुक्काम नक्की व्हायची वाट बघत बसू नका, अपॉइंटमेंटचं आजच बघायला लागा. शेंगेनचा (युरोपातल्या बहुतेक देशांना मिळून चालणाऱ्या व्हिसाचा) अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी. निर्णय साधारण पंधरा दिवसांत, जास्तीचे कागद मागितले तर पंचेचाळीस दिवसांपर्यंत. म्हणजे ऑगस्टमध्ये अर्ज गेलेला बरा, गणपतीत अडकू नका.

अर्ज कुठल्या देशाकडे? जिथे सर्वांत जास्त रात्री त्या देशाकडे. रात्री सारख्या असतील तर जिथे पहिलं पाऊल टाकाल त्या देशाकडे. 'अमुक देशाचा व्हिसा पटकन मिळतो' म्हणून तिथलं खोटं बुकिंग दाखवायचा सल्ला देणारे भेटतील, त्यांना लांबूनच नमस्कार करा.

फी प्रौढांना ९० युरो, वर व्हिसा केंद्राचा आकार. प्रवासविमा किमान ३०,००० युरोंचा. पासपोर्ट दहा वर्षांच्या आतला, परतीनंतर निदान तीन महिने चालणारा, दोन पानं कोरी. आणि रानजाई, पासपोर्टवर माहेरचं नाव असेल तर आत्ता त्याला हात लावू नकोस. तिकीट, विमा, हॉटेल सगळं पासपोर्टवरच्याच नावाने काढ आणि विवाह नोंदणीचा दाखला जोड.

आणखी एक. गेल्या ऑक्टोबरपासून तिकडे शिक्क्याऐवजी बोटांचे ठसे आणि फोटो घेण्याची नवी पद्धत टप्प्याटप्प्याने आली आहे. पहिल्यांदा जाणाऱ्याला रांगेत वेळ लागतो. वाटेत युरोपातच विमान बदलायचं असेल तर मध्ये तीन तास तरी ठेव.

तुळशीवृंदावन | ५ जुलै
मला एक कळत नाही. दिवाळीनंतर का जात नाही? भाऊबीज ११ नोव्हेंबरला झाली की निघा. नाताळचे बाजार सुरू झालेले असतात. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी बॅगा भरून पळायचं आणि परत आल्या आल्या पहाटे उठून अभ्यंगस्नान, हा छळ आहे.

आजोळ | ५ जुलै
उलट सोपं आहे. युरोपातून परत आल्यावर संध्याकाळी लवकर झोप येत नाही आणि सकाळी डोळा उघडत नाही. नरकचतुर्दशीला सरळ जागंच राहायचं, तेल-उटणं लावायच्या वेळी झोपायला जायचा प्रश्नच नाही.

डोनाउकाठ | ५ जुलै
तुळशीवृंदावन, नाताळच्या बाजारांचं अर्धंच खरं आहे. आमच्या व्हिएन्नात नगरभवनासमोरचा बाजार नोव्हेंबरच्या मध्यापासून लागतो. पण जर्मनीत मृतांच्या स्मरणाचा रविवार होईपर्यंत बहुतेक बाजार उघडत नाहीत. यंदा तो २२ नोव्हेंबरला आहे. न्यूरेम्बर्गचा तर २७ला उघडेल. म्हणजे भाऊबीजेनंतर लगेच आलात तर जर्मनीत पानंही गळलेली आणि बाजारही नाहीत. नोव्हेंबरचा मधला पंधरवडा आम्हालाच नकोसा होतो, पाहुण्यांना कशाला बोलवू? यायचंच तर रानजाईच्या तारखा चांगल्या आहेत.

आता आमच्या गावची जाहिरात. ऑक्टोबरात इथे 'श्टुर्म' मिळते, द्राक्षाचा रस अजून फसफसत असतानाची कोवळी वाइन. बाटलीचं झाकण घट्ट लावत नाहीत, नाहीतर फुटेल. म्हणून दुकानातून नेताना ती हातात उभी धरूनच न्यावी लागते, आणि ट्राममध्ये अशा बाटल्या मांडीवर धरून बसलेली माणसं दिसली की शरद आला समजायचं. लागते गोड, चढते उशिरा, तेव्हा जपून. शहराच्या हद्दीतच द्राक्षमळे आहेत, नुसडॉर्फपर्यंत ट्रामने जायचं आणि मळ्यांतून चालत फिरायचं. पिवळी पानं हवी तेवढी.

बुडापेस्ट रेल्वेने दोन तास चाळीस मिनिटांवर. तिथलं सेचेनी स्नानगृह १९१३ सालचं. बाहेर आठ-दहा अंश, उघड्यावरच्या हौदात अडतीस अंशांपर्यंतचं पाणी, वाफेत समोरचा माणूस दिसत नाही आणि पाण्यात उभे राहून म्हातारे बुद्धिबळ खेळतात. उन्हाळ्यात यात काही मजा नाही. एकच सूचना: २३ ऑक्टोबर हंगेरीचा आणि २६ ऑक्टोबर ऑस्ट्रियाचा राष्ट्रीय दिवस, दुकानं बंद. ऑस्ट्रियात तर रविवारीही ती असतातच बंद.

चहाटळ | ५ जुलै
म्हणजे अभ्यंगस्नान बुडापेस्टातच उरकता येईल. उटणं न्या.

रानजाई | ५ जुलै
किती छान माहिती देताय सगळे! ती पत्रकवाली सहल मनातून बाद. नवऱ्याने आत्ताच सॅन्टोरिनी नावाची नवी पुडी सोडली आहे. ऑक्टोबरअखेर चालेल का?

रेवदंडा | ६ जुलै
ग्रीसच्या बेटांचा हंगाम ऑक्टोबरअखेर आवरता घेतात. हॉटेलं आणि खानावळी एकेक करत बंद होतात, बोटींच्या फेऱ्या कमी होतात, वाऱ्याने रद्दही होतात. तुमच्या तारखांना निम्मं गाव खुर्च्या उचलून ठेवत असेल. अथेन्स मात्र या दिवसांत उत्तम, उन्हाळ्यातल्या भट्टीपेक्षा कितीतरी बरं. अमाल्फी किनाऱ्याचंही तेच, पोझितानोत नोव्हेंबर लागला की बरीच हॉटेलं कुलूप लावतात. समुद्रकाठ हा विषय या महिन्यात सोडा.

आणि व्हेनिसचं कुणी विचारलं नाही तरी सांगते. शरदात तिथे उधाण गावात शिरतं. १२ नोव्हेंबर २०१९ला पाणी १८७ सेंटीमीटरवर गेलं होतं, १९६६च्या १९४नंतरचं सर्वांत मोठं. ऑक्टोबर २०२०पासून समुद्राच्या तोंडाशी उचलायचे बांध आहेत, त्यामुळे मोठं उधाण आता अडवलं जातं. पण सान मार्को चौक गावातला सर्वांत सखल भाग, बांध उचलत नाहीत अशा लहान उधाणातही तिथे पाणी येतं. येतं तेही फरशांच्या फटींतून, बुडबुडे काढत, खालून. मग माणसं एकावर एक रचून ठेवलेली लाकडी फळ्यांची टेबलं जोडून फूटपाथ करतात आणि सगळे एका रांगेत त्यावरून चालतात. फेरीवाले रंगीत प्लास्टिकचे गुडघ्यापर्यंतचे बूट विकत असतात. दोन-तीन तासांत ओहोटी लागली की सगळं पूर्ववत. घाबरायचं काही नाही, तळमजल्यावरची खोली तेवढी घेऊ नये.

मांडवी_ते_तेजू | ६ जुलै
लिस्बनहून नमस्कार. मूळचा फोंड्याचा, इथे आमच्यासारखे गोंयकार पुष्कळ. ऑक्टोबरअखेर इथे वीस-बावीस अंश असतात. रस्त्यांच्या कोपऱ्यावर चेस्टनट भाजणारे गाडे उभे राहतात, पांढऱ्या धुराचा लोट गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. भाजताना वरून मीठ टाकतात, त्याची पूड सालीवर राखेसारखी बसते. डझनाच्या हिशोबाने कागदी पुडीत देतात आणि बोटं काळी करत चालता चालता सोलून खायचे. ११ नोव्हेंबरच्या सेंट मार्टिनच्या सणाला तर चेस्टनटची चंगळच.

पणजीचं फोंताइन्हास पाहिलंय म्हणून इथली जुनी वस्ती अल्फामा ओळखीची वाटेल, असं माझ्या पाहुण्यांना वाटतं. पहिल्या चढावर तो भ्रम जातो. बर्फ मात्र इथे मिळणार नाही. नवऱ्याला नताची (कस्टर्ड भरलेली) टार्ट खायला घाला, विसरेल.

पंतसचिव | ६ जुलै
सगळं छान लिहिताय, पण हे बुकिंग करणार कोण? आमच्या पिढीला हे जमत नाही म्हणून आम्ही पॅकेज घेतो, त्यात हसण्यासारखं काही नाही. आणि जेवणाचं काय? मुलगी शाकाहारी असेल तर?

कडेपठार | ६ जुलै
पंत, तुम्हाला कुणी हसत नाहीये. सत्तरीत मी पण पॅकेजच घेईन. पण तिशीतल्या दोघांना रेल्वेची तिकिटं मोबाइलवर काढता येतात. शिवाय पॅकेजवर टीसीएस (आगाऊ घेतला जाणारा आयकर) कापतात. विवरणपत्र भरताना तो वळता होतो खरा, पण आत्ता खिशातून जातोच ना.

शाकाहाराला इटलीसारखा देश नाही, आणि शरदात तर भोपळा, अळंबी, चेस्टनट यांचीच चलती असते. मध्य युरोपात भोपळ्याचं सूप जिथे तिथे, फक्त त्यात मांसाचं पाणी आहे का ते विचारायचं.

आजोळ | ६ जुलै
खाण्याचं निघालंच आहे तर: दुधाचे आणि मांसाचे पदार्थ भारतातून तिकडे न्यायला बंदी आहे. पेढे, बर्फी, तुपाचा डबा घरीच ठेव. सासूबाई दसऱ्याची बासुंदी बाटलीत भरून देऊ लागल्या तर नम्रपणे घरीच पिऊन टाक.

लोकरीची_गुंडी | ६ जुलै
कपड्यांबद्दल कुणीच बोललं नाही! एक जाड कोट नेऊन उपयोग नसतो. रस्त्यावर बारा अंश, मेट्रोत आणि दुकानांत तेवीस-चोवीस, दिवसातून वीस वेळा काढ-घाल होते. आतून पातळ थर्मल, मध्ये लोकरी किंवा फ्लीसचा स्वेटर, वरून पाऊस आणि वारा दोन्ही अडवणारं पातळ जाकीट. थर्मल दोन-दोन पुरे, रात्री धुतले तर हीटरवर सकाळपर्यंत वाळतात. कान आणि मान झाकली की निम्मी थंडी जाते. बुटांवर पैसे खर्च करा: पाणी न शिरणारे, आणि आत्तापासून घालून पुण्याच्या पावसात चाला. दगडी रस्त्यांवर नवे बूट म्हणजे हनिमूनला फोड घेऊन फिरणं. छत्री वाऱ्यात उलटते, टोपीवालं जाकीटच बरं.

शुभमंगल_सावधान | ६ जुलै
आणि ते फोटोसाठी लाल लांब झगे? आयफेलसमोर?

लोकरीची_गुंडी | ६ जुलै
आत थर्मल. फोटोत दिसत नाही. :)

तुळशीवृंदावन | ७ जुलै
विषय भरकटतोय म्हणून परत विचारते. मुलीला दिवाळसण माहेरी हवा, मुलाला बर्फ हवा, दोन्ही घरच्यांना सण हवेत. यात तिच्या पिवळ्या पानांचं काय झालं?

झुरिककर | ७ जुलै
वाजवी प्रश्न. माझ्याकडे याला एक उत्तर आहे आणि ते लुसर्न-इंटरलाकेनच्या पलीकडे आहे: एंगाडिन आणि बेर्निना रेल्वे.

एंगाडिनच्या खोऱ्यात लार्चची जंगलं आहेत. सूचिपर्णी झाड, पण हिवाळ्याआधी पानं गाळणारं. ऑक्टोबरात सगळे उतार केशरी-सोनेरी होतात, आणि त्याच्या वर डोंगरांवर बर्फ. दोन्ही एकाच चौकटीत. तुमच्या तारखांना रंगाचा शेवटचा आठवडा असेल. खोरं इतकं उंचावर आहे की सखल भागातलं धुकं तिथे सहसा पोचतच नाही.

कूर गावात मुक्काम करा, सेंट मॉरिट्झची बरीच हॉटेलं या मधल्या काळात बंद असतात. कूरहून निघालेली गाडी डोंगर चढत २२५३ मीटरवरच्या बेर्निना खिंडीत पोचते आणि तिथून उतरत इटलीतल्या तिरानोला, वाटेत दातेरी रूळ कुठेही नाहीत. २००८पासून हा मार्ग जागतिक वारशात आहे. अल्प ग्र्युमला उतरलात तर समोर पाल्यू हिमनदी. ब्रुझिओला गाडी गोल पुलावरून स्वतःच्याच खालून जाते. काचेच्या छताच्या बेर्निना एक्सप्रेसला जागा राखून ठेवावी लागते, पण त्याच रुळांवर साध्या गाड्याही धावतात, त्यांना आरक्षण लागत नाही. मी पाहुण्यांना साध्या गाडीनेच पाठवतो. मनाला येईल तिथे उतरावं, पुढची गाडी धरावी.

तिरानोहून मिलानची गाडी कोमो तळ्याच्या काठाकाठाने जाते. तिथून पुढे तुमची जुनी गावं.

रेवदंडा | ७ जुलै
याला म्हणतात उत्तर. +१

मीठभाकर | ७ जुलै
लार्च आपल्याकडे अरुणाचलातही असतो.

चहाटळ | ७ जुलै
मीठभाकर, पाया पडतो.

रानजाई | ११ जुलै
मंडळी, ठरलं! दोघांनी चार संध्याकाळी नकाशा पुढ्यात घेऊन भांडून हे काढलंय, बघा बरं:

२१ला निघून २२ला झुरिक, तिथून सरळ लुसर्न. दोन रात्री, रिगी नक्की. २४ आणि २५ कूर. २६ला बेर्निनाने तिरानो, पुढे कोमो तळ्याकाठी वारेन्नात दोन रात्री. २८ ते ३१ फ्लॉरेन्स, १ नोव्हेंबरला रेल्वेने रोम, ४ला रोमहून परत. ५ला सांगलीच्या वाटेवर.

पॅरिस नाही याबद्दल नवऱ्याच्या मावशीने फोनवर दुःख व्यक्त केलं. सासूबाईंना लार्चचे फोटो दाखवले, त्या म्हणाल्या, मग आम्हीच येतो की. विषय बदलला आहे.

शिक्कामोर्तब | ११ जुलै
चार रात्री स्वित्झर्लंड, नऊ इटली. अर्ज इटलीकडे. पहिल्यांदा उतरणार झुरिकला, तेव्हा इटलीतली बुकिंगं आणि परतीचं तिकीट छापून हातात ठेव, बॅगेत नको. व्हिसा येईपर्यंत हॉटेलं रद्द करता येण्यासारखीच घे.

झुरिककर | ११ जुलै
मस्त. स्विस ट्रॅव्हल पास २३पासून चार दिवसांचा घ्या. रिगी, कूर आणि तिरानोपर्यंतची बेर्निना त्यातच बसते. २५ला कूरमध्ये एक तास जास्त झोप मिळेल, तो युरोपकडून आहेर समजा. बर्फाला हात लावायचा असेल तर बेर्निना मार्गावरच डियावोलेत्साची केबलकार आहे, २९७८ मीटरवर नेते. त्या आठवड्यात चालू आहे का ते आधी बघा.

पंतसचिव | ११ जुलै
चांगलं आखलंय हो. बॅगा मात्र हलक्या ठेवा, आता उचलायला माणूस नाही.

रेवदंडा | १२ जुलै
वारेन्नातही नोव्हेंबरच्या तोंडावर हॉटेलं बंद व्हायला लागतात, तेव्हा आधी तिथलं पक्कं कर. तळ्यातल्या बोटींचंही वेळापत्रक तोवर कमी झालेलं असतं.

आणि १ नोव्हेंबर नीट बघ. तो सर्व संतांचा सण, इटलीत सुट्टी. यंदा रविवार आहे, आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी तिथली सरकारी संग्रहालयं फुकट असतात. त्या दिवशी कोलोसियमसमोर जत्रा असणार, आणि व्हॅटिकनची संग्रहालयं बंद. तू दुपारपर्यंत रेल्वेत आहेस हे उत्तम. संध्याकाळी नुसतं पायी फिरा. २ला व्हॅटिकन, ३ला कोलोसियम, दोन्हींची वेळेची तिकिटं आधी काढून. फ्लॉरेन्सचं उफित्सी कलासंग्रहालय सोमवारी बंद असतं, पण तुम्ही तिथे बुधवार ते शनिवार आहात, त्यामुळे काळजी नाही. प्रादेशिक गाडीचं कागदी तिकीट काढलंत तर चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात त्यावर छाप मारून घ्या, नाहीतर तिकीट असूनही दंड होतो.

शुभमंगल_सावधान | १२ जुलै
वाचनखूण साठवली. आमचं लग्न डिसेंबरात आहे. फेब्रुवारीत कुठे जावं यावर नवा धागा काढू का?

चहाटळ | १२ जुलै
काढा. मीठभाकर, तयार राहा.